धवलारनीचा गला

मी द्वारकी. द्वारकाबाय म्हना, पन गावात सगली धवलारीनच म्हनतान, नाव कोनाला आठवत नाय. तुर्भ्याला ट्रकांची रांग लागते ना, त्याच्या पल्याड आमचा गाव, म्हंजे आता गाव कसला, तीन बाजूला टॉवर नि मधी आमी. माजा म्हायेर मात्र खाडीकडचा, भातशेती नि मिठागरा. माजा जल्म झाला त्या दिशी बापाचा डोका फुटला. आय घरात कला देते नि बाप भायेर बांधावर मारामारी करतोय. बाजूवाल्यानं भरतीच्या टायमाला उघाडी, म्हंजे बांधातली पानी अडवायची फली, लावली नाय, खारा पानी आमच्या भातात शिरला, बापानं त्याला धरून चिखलात दाबला, तं त्याच्या भावानं येऊन कोयत्याची उलटी बाजू बापाच्या टालक्यात घातली. सुईन एकच. ती एकदा आत येऊन आयला बोलते जोर लाव, नि एकदा भायेर जाऊन बापाला बोलते जोर नको लावू, रगत येतंय. अशी मी आली. म्हनून मना आरडाओरडीचा भ्या कदी वाटला नाय, उलट शांत असला की वाटतं काय तरी झालाय.

धवलारीन म्हंजे काय, तुमाला सांगते. आमच्या लगनात भटजी असला तरी धवलारीन लागतेच. हलद लावायची, देवांना मांडवात बोलवायचा, नवऱ्याला न्हायला घालायचा, सगला धवला गाऊन. धवला म्हंजे लगनाची गानी, पन गानी म्हनू नका, माजी आत्ती ऐकती तं तुमाला झारा फेकून मारती. तिनंच मना शिकवला, मांडीवर चापट्या मारून, चुकली की चापट, चुकली की चापट, माजी मांडी लाल नि धवला पाठ. तिनं दोन गोष्टी सांगून ठेवलेल्या. एक, धवला चालू झाला की मांडवात कोनाचा हात वर राहिला नाय पायजे, मारायला उचललेला आसंल तं खाली घ्यायचा, कारन देव आलेले असतान, देवांच्या तोंडावर कोन मारामारी करेल. नि दुसरी, मांडवाच्या भायेर धवला तोंडातून काढायचा नाय. देवाला उगाच हाका मारायच्या नाय.

पयली गोष्ट लय कामाला येते बगा. आमच्याकडची हलद तुमी बगितलीय का? मटन, दारू, डीजे नि मारामारी. मारामारी नाय झाली तं लोका बोलतान हलद फिकी झाली. एका हलदीला नवऱ्याचा मामा नि चुलता नलीवरून भांडले, नली म्हंजे मटनातली, दुसरी कंची नाय. मामानं खुर्ची घातली चुलत्याच्या पाठीत, चुलत्याच्या पोरानं कांदे कापायची सुरी उचलली, बाया किंचालतान, पोरा टेबलाखाली, रश्श्याचा टोप आडवा झाला, कुनाच्या तरी पायावर पडला, तो बोंबलतोय. मी उठली, कानाला हात लावला नि धवला सुरू केला. सुरी तिथंच थांबली. काय सांगू तुमाला, मामाच्या पोटापासून वीतभर लांब. पोरगा धापा टाकतोय, डोल्यांत रगत उतरलेला, पन हात खाली. आवाज माजा तसाच व्हता, पार नाक्यावरच्या रिक्षावाल्याला ऐकायला जायचा. धवला संपल्यावर भायेर जाऊन पुन्ना मारामारी केली त्यांनी, ती गोष्ट वेगली, पन मांडवात नाय.

आमचा मालक पन मारायचा मना. दगडखानीवर गाडीला व्हता, आता नाय तो, देवाघरी गेला. दारू प्याला की पट्टा काढायचा. एकदा तं हलदीतून मना घरी न्यायला आला, तर्र, मांडवात शिरला नि माज्यावर हात उगारला, मी धवल्यात. सगली पुरुषमानसा उठली, बोलली, बाला, हात खाली घे, धवला चालू हाय. तो हात खाली घेऊन उभा, झुलतोय, धवला लांबचा लांब, मी मुद्दाम आनखी लांबवला. मंग मना वाटला, घरी पन असाच गायला तं मार चुकंल. पन आत्तीचा शब्द, मांडवाच्या भायेर नाय. बोलायची, घरच्या मारासाठी देवाला बोलवू नको, घरच्या मारासाठी उलथना हाय. तं मी उलथना वापरला. चुलीतला लाल उलथना त्याच्या मनगटावर ठेवला नि बोलली, आता उचल हात. त्यानंतर पट्टा कमरेलाच राहिला. लोका बोलतान द्वारकी कजाग. असू दे. कजाग हाय म्हनून जित्ती हाय.

दोन पोरा मना, मोठा गनपत, धाकटा दामू. लहानपनी मी धवला लागला की त्या दोघांचे हात धरून ठेवायची, शिकवायची, आता चिमटा पन काढायचा नाय. मोठी झाली तशी बापासारकी झाली. एका भिंतीला लागून दोन घरा, गनपतनं वर मजला चढवायला भायेरून जिना काढला, तो दामूच्या खिडकीपुढून गेला. दामू बोलला जिना हटव. गनपत बोलला खिडकी हटव. एक दिवस दामूनं पहार घेतली नि जिना फोडला, पायरी पायरी करून, गनपत वर उभा असताना. गनपतनं वरून वीट मारली, दामूचा कान फाटला. दामूनं खालून पहार फेकली, ती गनपतच्या पिंडरीत घुसली. मी मधी पडली तं मना पन खांद्याला लागला. अंगन सगला लाल. पोलीस आले, केस झाली, नि तवापासून दोघं एकमेकांचा तोंड बगत नाय. बायकांना पन बोलू देत नाय. मी महिनाभर इकडं जेवते, महिनाभर तिकडं, मदल्या भिंतीसारकी.

अशात गनपतच्या पोराचा लगीन ठरला. माज्या नातवाचा. नि माज्या गल्याला गाठ. आधी सुपारीवडी, मंग लिंबावडी, मंग कैरीवडी. गिलताना अडकायची, झोपली की दम कोंडायचा. बाया बोलायच्या, द्वारके, इतका धवला पोटात हाय, तो वर येऊन बसलाय. मी बोलायची, धवला नाय, राग हाय, गिलला तो तिथं अडकला. वाशीला मोठ्या हॉस्पिटलात नेला मना. डॉक्टर एक पोरगीच, माज्या नातीवडी, बारीक, हातात बांगडी नाय, कुंकू नाय. बोलली, आजी, थायरॉइडची गाठ आहे, साधी आहे, घाबरायचं नाही, पण काढावी लागेल. मी बोलली काड, आत्ता काड, घरात सुरी हाय तं मी पन काडते. ती हसली. मंग बोलली, फक्त एक आहे, गाठीच्या बाजूनं आवाजाची नस जाते, दोऱ्याएवढी बारीक, आम्ही सांभाळतोच, पण कधी कधी आवाज बसतो, थोडे दिवस, क्वचित कायमचा.

तवा मी पयल्यांदा घाबरली. खरा सांगतंय. मरायचा भ्या नाय मना. पन नातवाच्या हलदीला गनपत नि दामू एका मांडवात येनार, दारू असनार, सुरे असनार, जिन्याचा विषय निघनारच. नि मी उभी राहून तोंड उघडला नि आवाजच नाय आला तं? ही दोघं एकमेकाला जित्ती सोडनार नाय. मी बोलली, मॅडम, लगीन झाल्यावर काडू. ती बोलली, आजी, तोपर्यंत श्वास अडकला तर लग्न कोण बघणार? मंग काय, अंगठा दिला. म्हंजे सही येते मना, पन रागात अंगठा दिला.

आता हॉस्पिटलची मजा ऐका. सकाली सकाली एक सिस्टर आली, बोलली सगले दागिने काढा, बांगड्या काढा. मी बोलली बांगड्या निघत नाय, हात कापून ने. ती साबन लावून ओढते, मी शिव्या देते, दोघी घामाघूम. शेवटी तिनं पट्टी गुंडालली वरून. मंग कापडा दिली, पुढून बंद, पाठून उघडी. मी बोलली, जल्ला मेला तुमचा शिंपी, कापड संपला का त्याचा? नि लुगडा वरून गुंडालून बसली. बाजूच्या खाटंवर सानपाड्याच्या सोसायटीतली एक काकू, पित्ताच्या खड्यांची, रडत व्हती. बोलली, आजी, तुम्हाला भीती नाही वाटत? मी बोलली, बाय, माजा बाप डोका फुटलेला घेऊन मना बगायला आत आला व्हता, मना कसली भीती. पन त्या टायमाला माज्या हाताला घाम सुटलेला, मी तो तिच्याच चादरीला पुसला.

आत नेला तं काय ते दिवे, हलदीच्या मांडवात पन एवडे नसतान. तोंडाला कापडा बांधलेली चार मानसा माज्याकडं बगतान. मी बोलली, चोर पन असाच येतो नि गला पन असाच कापतो, तुमच्यात नि त्याच्यात फरक काय? एक मानूस, भूल देनारा, बोलला, आजी, तुम्ही गाता म्हणे, एखादं गाणं म्हणा, झोप लागेल. मी बोलली, मी लगनाशिवाय गात नाय. नवरा आन, मंग गाते. तो बोलला, माझंच लग्न व्हायचंय. मी बोलली, मंग हलदीला बोलव, नि मटन जास्त कर, कमी पडला की सुरे निघतान. तो हसतोय तोवर मी झोपली.

जागी झाली तं गला बांधलेला, आत कुनी काथ्या कोंबल्यासारका. मॅडम तोंडापुढं. बोलली, आजी, छान झालं, नाव सांगा तुमचं. मी सांगितला. म्हंजे मी सांगितला, पन आला काय, नुसती हवा. पुन्ना बोलली. हवा. मॅडम बोलली, नळी घातली होती, सूज आहे, येईल आवाज, पण आज एक शब्द बोलायचा नाही, कुजबुजायचं पण नाही. तिचा हात माज्या हातावर. पन माज्या डोल्यांतून पानी आला, आवाज असता तं मी तिला शिवी दिली असती.

संध्याकाली भेटायचा टाइम झाला. एका दारातून गनपत आला, थर्मासात पेज घेऊन. दुसऱ्या दारातून दामू, डब्यात तांदलाची भाकरी नि पापलेटचा कालवन घेऊन. रातच्याला एकच मानूस थांबायचा, पास एकच. मना बगवत नव्हता. खाटंच्या दोन बाजूला दोघं, नि दोघं माज्याशीच बोलतान, एकमेकाशी नाय. गनपत बोलतो, आये, या मानसाला सांग, डॉक्टरनं पातल द्यायला सांगितलाय, ह्यो काटे खायला घालतोय, आयला मारायचा हाय का याला? दामू बोलतो, आये, या मानसाला सांग, मारायचा धंदा त्याचा, कान बग माजा. गनपत बोलतो, नि माजी पिंडरी? दामू बोलतो, जिना काढलास तवा कुठं गेलती पिंडरी? मंग संपला. दामूनं त्याची गच्ची पकडली. गनपतनं त्याच्या तोंडात दिली, ओठ फुटला, रगत काकूच्या पांढऱ्या चादरीवर. दामूनं त्याला भिंतीवर आपटला. सिक्युरिटीवाला धावत आला, त्याला दोघांनी मिलून एक एक दिली, तेवडा एकच काम त्यांनी वरसानुवरसांत जोडीनं केला. थर्मास फुटला, पेज सगलीकडं, सिक्युरिटीवाला पेजेवरून घसरून काकूच्या खाटंखाली गेला. काकू पित्ताचे टाके विसरून खाटंवर उभी. नि गनपतनं, जल्ला मेला, हाताला लागला म्हनून सलाइनचा दांडा उचलला. तो दांडा माज्या हाताला जोडलेला. त्यानं उगारला तशी माजी सुई उपसून आली, चादर लाल झाली, पन तो बगतोय कुठं, त्याला दामूचा डोका दिसतोय. दामूनं लोखंडी स्टूल उचलला. मना माजा बाप दिसला, बांधावरचा, कोयता पडायच्या आदीचा.

मी उठून बसली. आत्तीचा शब्द आठवला, मांडवाच्या भायेर नाय. मॅडमचा शब्द आठवला, एक शब्द नाय. कानाला हात लावला नि तोंड उघडला.

काय नाय आला. हवा. ओठ हलतान, मान ताठ, पयला मान गनरायाचा, ओठ तसेच हलतान जसे मांडवात हलतान, पन आवाज नाय. मी थांबली नाय. गावदेवीला हाक मारली, हवा. गल्यात सुरी फिरते नि मी हाका मारतंय.

दामूनं बगितला. स्टूल वर, पन डोला माज्या तोंडावर. मंग स्टूल खाली आला. गनपतचा दांडा खाली आला. कुनी सांगितला नाय त्यांना, नि ऐकायला तं काय येतच नव्हता. नुसता माज्या ओठांवरून वलखला. लहानपनी मी हात धरून ठेवायची, तसे दोघांचे हात कमरेपाशी. मंग गनपतच्या ध्यानात आला. बोलला, आये, तुजा आवाज? नि बसला तिथंच पेजेत, एवडा मोठा मिशीवाला बाप्या, लहान पोरासारका रडायला लागला. आयचा आवाज गेला, आयचा आवाज गेला.

धवला अर्धा सोडायचा नसतो, ती पन रीत हाय. माजे ओठ थकले, मी थांबली. तं दामूनं, फुटलेल्या ओठानं, रगत गिलत, पुढचा शब्द काढला. हलूच. बाप्या मानसा धवला गात नाय आमच्यात. पन ही दोघं तं पोटात असल्यापासून ऐकतान. दामू बोलला, एकवीरेला आवतान. तं गनपत खालून रडत रडत बोलतो, चुकतोस, एकवीरा नंतर, आदी वेतालबाबा. दामू बोलतो, एकवीरा आदी. गनपत बोलतो, वेतालबाबा आदी, अक्कल नाय तुला. मना वाटला आता देवांवरून दांडा उचलतान. पन दोघांनी माज्याकडं बगितला. मी गनपतकडं मान हलवली. दामूनं खाली बगितला, नि बोलला, बरा, वेतालबाबा. नि दोघांनी मिलून तो धवला पुरा केला, बेसूर, म्हशी बऱ्या. माजी सुई लावायला आलेली सिस्टर दारात उभी, काकू खाटंवर उभी, सिक्युरिटीवाला खाटंखालून बगतोय.

नंतर सिस्टरनं दोघांना कान धरून भायेर काढला, पास कोनालाच नाय दिला. सकाली ती बोलली, आजी, तुमचे दोन्ही बैल एकाच बाकड्यावर झोपले होते, एक चादर दिली तर त्यावरून पण भांडले. मॅडमनी मना लय झापला, जीव गेला असता बोलली. मंग बोलली, नाव सांगा. मी सांगितला. फाटका, पन आला. द्वारकी. सिक्युरिटीवाल्याला मी नंतर हलदीचा आवतान धाडला, तो आला नाय, शाना हाय.

हलद झाली आता. मांडव घालायच्या दिशी दामू आला, हातात तीच पहार. गनपतची बायको किंचालली, पोरा पलाली, गनपत दारात येऊन उभा राहिला, तोंड पांढरा. दामू सरल पुढं आला. अंगनात, जिथं जिना फोडला व्हता तिथं, पहार घातली नि मांडवाच्या खांबाचा खड्डा खनायला लागला. गनपत बगत राहिला, मंग खांब धरायला गेला. खड्डा कवडा पायजे यावरून भांडले, पन हातात पहार असून उचलली नाय.

माजा आवाज आलाय, पन वरचा गेला. जाडा झालाय, वर गेली की तुटतो. मना वाईट वाटतं, का खोटा बोलू, रातीची उठून गल्यावरून हात फिरवते. हलदीला मी उभी राहिली, तिकडं नवरीच्या मावसभावानं नली वाढनाऱ्याच्या कानाखाली दिलेलीच व्हती, बाटली फुटलेली. मी धवला काढला, वेतालबाबापाशी आवाज तुटला. नि पाठून दोघं रेकले. गनपत नि दामू. सगला मांडव हसला, मावसभाव पन हसला, हात खाली आला त्याचा. हसून आला, देवाच्या भ्यानं नाय, पन आला ना. भिंत हाय अजून मधी. जिना नाय. बगू.

तुमी एवडा ऐकलात, आता जेवून जा, दामूकडं पापलेट हाय नि गनपतकडं कोंबडी, एकाकडं जेवलात तं दुसरा डोका फोडेल, तं दोन्हीकडं थोडा थोडा खा. तुमचा गला शाबूत राहो. नि तुमच्या घरात कवा हात उचलला गेला तं मना हाक मारा, मी येते. आवाज नसला तरी येते, ओठ हलवते.